झटपट चार्जिंग आणि खान्देशचे ऊन

आपल्या जळगाव-धुळे भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. याच दिवसांत मोबाइल हाताला चटका बसण्याइतका तापतो, आणि मग घरोघरी एक वाद सुरू होतो. कोणी म्हणतो, 'हा झटपट चार्जर बॅटरीचा जीव घेणार, जुना सावकाश चार्जरच बरा.' दुसरा म्हणतो, 'कंपनीने सगळा विचार करूनच चार्जर दिला आहे, आपण कशाला काळजी करायची?' आणि तो भर उन्हात मोटारसायकलच्या हँडलला फोन अडकवून तेथेच चार्जिंगला लावतो.

या दोघांपैकी बरोबर कोण? गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार मोठे शास्त्र लागत नाही. दहावीच्या पुस्तकातील विद्युतप्रवाहाचा धडा आणि उष्णतेबद्दलची थोडी माहिती एवढी शिदोरी पुरेशी आहे.

बॅटरीच्या आत काय चालते?

इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने १८०० साली पहिला विद्युतघट जगापुढे मांडला. त्यानंतर अनेक प्रकारचे घट आले. आपल्या मोबाइलमध्ये असतो तो लिथियम-आयन घट. सोनी या जपानी कंपनीने तो १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणला. त्यामागील मूलभूत संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घटात दोन अग्रे असतात. धनाग्र हे लिथियम आणि कोबाल्टसारख्या धातूंच्या संयुगाचे असते, तर ऋणाग्र ग्रॅफाइटचे, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असते त्याच पदार्थाचे. दोहोंच्या मध्ये सूक्ष्म छिद्रे असलेला प्लॅस्टिकचा एक पडदा असतो. त्याची जाडी आपल्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते. आयनांना इकडून तिकडे जाता यावे म्हणून सर्वत्र एक द्रव भरलेला असतो. त्याला विद्युत अपघटनी म्हणतात. हा द्रव ज्वालाग्राही असतो, ही गोष्ट लक्षात ठेवा.

आपण चार्जर लावतो तेव्हा धनाग्रातील लिथियमचे आयन द्रवातून, पडद्याच्या छिद्रांतून पलीकडे जातात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. फोन वापरताना तेच आयन परत फिरतात. बॅटरी चार्ज होणे म्हणजे ग्रॅफाइटमधील जागा भरत जाणे, एवढाच याचा अर्थ.

जळगावच्या बसस्थानकावर एस. टी. ची रिकामी गाडी लागली आहे अशी कल्पना करा. सुरुवातीला प्रवासी भराभर चढतात, कारण जागा भरपूर असते. गाडी अर्धी-अधिक भरली की प्रत्येकाला जागा शोधावी लागते आणि चढण्याचा वेग मंदावतो. शेवटच्या चार-पाच प्रवाशांना तर बराच वेळ लागतो. फोनचेही असेच होते. शून्यापासून पन्नास टक्क्यांपर्यंत तो झपाट्याने जातो आणि ऐंशीनंतर रेंगाळतो. यात चार्जरचा दोष नसतो. फोनमधील नियंत्रक मुद्दामच प्रवाह कमी करत नेतो.

वेग वाढला की उष्णता किती वाढते?

आजच्या पुष्कळ फोनच्या बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते. म्हणजे ५ अँपिअरचा प्रवाह एक तास देऊ शकेल इतकी तिची क्षमता. तिचे सरासरी विभवांतर सुमारे ३.८५ व्होल्ट धरले, तर साठणारी ऊर्जा सुमारे १९ वॉट-तास होते. दहा वॉटच्या चार्जरला ती भरायला दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागेल. चाळीस वॉटच्या चार्जरला, निदान सुरुवातीचा भाग, चौपट वेगाने भरता येईल.

आता जूलचा नियम आठवा. वाहकात दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. बॅटरीलाही स्वतःचा आंतररोध असतो. उदाहरणापुरता तो ०.०५ ओहम धरू.

सावकाश चार्जिंगमध्ये बॅटरीत २.५ अँपिअर प्रवाह जात असेल, तर उष्णता होईल सुमारे ०.३ वॉट. प्रवाह ५ अँपिअर केला तर सव्वा वॉट. आणि १० अँपिअर केला तर ५ वॉट! प्रवाह चौपट झाला, उष्णता मात्र सोळापट झाली. चार्जिंगला लागणारा वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो हे खरे. त्यामुळे एकूण उष्णता सोळापट न होता चौपट होते. पण ती थोड्या वेळात निर्माण होते आणि तेवढ्याच थोड्या वेळात तिला बाहेर जावे लागते.

म्हणजे पहिल्या माणसाची शंका अगदीच निराधार नाही. झटपट चार्जिंगमध्ये बॅटरी अधिक तापते. प्रश्न एवढाच, की या तापण्याला आवर घालण्याची सोय आहे की नाही?

फोन मागतो तेवढेच चार्जर देतो

पुष्कळांचा असा समज असतो, की ६५ वॉटचा चार्जर ६५ वॉट शक्ती फोनमध्ये कोंबतो. तसे होत नाही. चार्जर जोडला की तो आधी ५ व्होल्टचे साधे विभवांतर देतो. मग फोन आणि चार्जर यांच्यात केबलमधून संकेतांची देवाणघेवाण होते. आपण काय काय देऊ शकतो ते चार्जर सांगतो, आणि त्यातून फोन आपल्याला झेपेल ते मागून घेतो. सध्या प्रचलित असलेल्या यू.एस.बी. पद्धतीत ५, ९, १५ आणि २० व्होल्ट अशा पायऱ्या असतात. ही भाषा ज्या चार्जरला येत नाही, त्याच्याकडून फोन साध्या वेगानेच वीज घेतो. एका कंपनीचा मोठा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला पुष्कळदा सावकाश चार्ज करतो, त्याचे कारण हेच.

विभवांतर वाढवण्याचा फायदा काय? शक्ती तीच ठेवून व्होल्ट दुप्पट केले, तर प्रवाह निम्मा होतो आणि केबलमध्ये वाया जाणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रातून निघणारी वीज लाखाहून अधिक व्होल्टच्या दाबाने तारांतून दूरवर नेतात, ती याच कारणासाठी. फोनमध्ये पोचल्यावर एक छोटे विद्युतमंडल हे विभवांतर पुन्हा बॅटरीला मानवेल इतके उतरवते.

शिवाय बॅटरीजवळ थर्मिस्टर नावाचा एक इवलासा रोधक बसवलेला असतो. तापमान बदलले की त्याचा रोध बदलतो आणि त्यावरून नियंत्रकाला बॅटरीचा ताप कळतो. लिथियम-आयन घट साधारणतः ० ते ४५ अंश या तापमानात चार्ज करावा, असा संकेत आहे. ताप वरच्या मर्यादेकडे सरकू लागला की फोन प्रवाह घटवतो, आणि मर्यादा ओलांडली तर चार्जिंग थांबवतो. झटपट चार्जिंगसाठी बनवलेल्या घटांची अग्रेही पातळ थरांची असतात, म्हणजे आयनांना कमी अंतर कापावे लागते आणि आंतररोध कमी राहतो.

मग फोन पेटतात ते कशामुळे?

येथे एका गाजलेल्या प्रकरणाची आठवण होते. ऑगस्ट २०१६ मध्ये सॅमसंग कंपनीचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन बाजारात आला. त्यात झटपट चार्जिंगची सोय होती. काही फोन पेटल्याच्या बातम्या आल्या. सप्टेंबरमध्ये कंपनीने ते परत मागवून दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या असलेले फोन बदलून दिले. त्यांतलेही काही पेटले, आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद करावे लागले. पुढे सुमारे दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्यांची तपासणी झाली. जानेवारी २०१७ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. एका पुरवठादाराच्या घटात कोपऱ्याशी ऋणाग्र दुमडले गेले होते. दुसऱ्याच्या घटात वितळजोडाचे टोकदार कंगोरे राहिले होते आणि काही ठिकाणी रोधक पट्टीच नव्हती. दोन्हींचा परिणाम एकच झाला. दोन अग्रांचा आतल्या आत संपर्क आला, म्हणजे लघुपथन झाले.

दोष घटाच्या बांधणीत होता, चार्जिंगच्या वेगात नव्हता. आतील पडदा सुमारे १३० अंशांना वितळतो, आणि घटातील धोकादायक साखळी-प्रक्रिया सुरू व्हायलाही साधारण ८० अंशांच्या वरचे तापमान लागते. चांगल्या स्थितीतला फोन चार्ज होताना ४०-४५ अंशांपर्यंत तापतो. मधली दरी बरीच मोठी आहे. ती ओलांडली जाते ती सदोष, ठेचलेल्या, भोक पडलेल्या किंवा फुगलेल्या बॅटरीत, अथवा ज्यात नियंत्रणच नीट नाही अशा बनावट चार्जरमुळे.

तेव्हा चांगला फोन, चांगला चार्जर आणि धड बॅटरी असेल, तर झटपट चार्जिंग सुरक्षित आहे. पण सुरक्षित म्हणजे अजिबात झीज न होणारे, असे मात्र नव्हे.

बॅटरीचे म्हातारपण आणि केळीचा घड

रावेर-यावलकडच्या विद्यार्थ्यांना हे लवकर समजेल. केळीचा घड डिसेंबरात पिकायला जितके दिवस घेतो, तितके तो मे महिन्यात घेत नाही. तापमान वाढले की रासायनिक क्रिया जलद होतात. तापमान १० अंशांनी वाढले की अनेक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे.

बॅटरीतही काही नको असलेल्या क्रिया सतत चालू असतात. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर साचत जातो आणि त्यात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. तेवढी बॅटरीची क्षमता घटते. उष्णतेत हे काम वेगाने होते, आणि बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर आणखी वेगाने. भरलेली आणि तापलेली बॅटरी जलद म्हातारी होते, हे सूत्र पाठ करून ठेवायला हरकत नाही. युरोपीय संघाने जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे, की ८०० वेळा पूर्ण चार्ज आणि रिकामी झाल्यावरही फोनच्या बॅटरीत मूळ क्षमतेच्या निदान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. अर्थात अशा चाचण्या ठरावीक तापमानाला घेतात. बाहेर मोटारसायकलवर त्या होत नाहीत.

सर्वांत मोठा तापवणारा डोक्यावर आहे

आता आपण मूळ मुद्द्याकडे येऊ. जळगाव आणि धुळे ही शहरे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात दुपारी सूर्य येथे जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा वेळी स्वच्छ आकाश असेल, तर दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट इतकी सौरशक्ती पडते.

तुमच्या फोनची लांबी १६ सें.मी. आणि रुंदी ७.५ सें.मी. धरा. क्षेत्रफळ झाले १२० चौरस सें.मी., म्हणजे ०.०१२ चौरस मीटर. त्यावर पडणारी शक्ती १२ वॉट! काळ्या काचेचा फोन त्यातील बराचसा भाग शोषून घेतो. १० अँपिअरच्या झटपट चार्जिंगने आपल्या उदाहरणातील बॅटरीत ५ वॉट उष्णता झाली होती. ऊन त्याच्या दुप्पट उष्णता ओतते, आणि चार्जरप्रमाणे ते फोनची विनंती ऐकत नाही. फोन प्रवाह कमी करू शकतो, सूर्य कमी करू शकत नाही.

दुसरी अडचण थंड होण्याची. न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमाप्रमाणे, वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितक्या वेगाने उष्णता बाहेर जाते. फोन ४५ अंशांपर्यंत तापू द्यायचा असे ठरवू. खोलीचे तापमान २५ अंश असेल तर फरक २० अंशांचा. मे महिन्यात पत्र्याच्या घरात तापमान ४० अंश असेल, तर फरक उरतो फक्त ५ अंशांचा. म्हणजे तोच फोन आता चौथा हिस्सा उष्णताच बाहेर टाकू शकतो. म्हणून मे महिन्याच्या दुपारी तुमचा 'फास्ट' चार्जर मंद चालतो. तो बिघडलेला नसतो. फोनच स्वतःला सांभाळत असतो. जुन्या धाब्याच्या घरात, जेथे मातीचे जाड छप्पर उष्णतेला अडवते, तेथे तोच फोन लवकर चार्ज होईल.

अनेक उत्पादक आपला फोन ० ते ३५ अंश तापमानाच्या हवेत वापरावा, असे माहितीपत्रकात सांगतात. खान्देशात वर्षातील कितीतरी दुपारी ही मर्यादा ओलांडली जाते. बाहेर ठेवलेला फोन त्या दुपारी निर्मात्याने आखलेल्या कुंपणाबाहेर असतो. म्हणून सावकाश की झटपट, यापेक्षा सावलीत की उन्हात, हा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा आहे.

हिवाळ्यातील सावधगिरी

आपल्याकडची थंडीही कमी नाही. धुळ्यात हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. थंडीत ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरण्याची आयनांची चाल मंदावते. बाहेरून मात्र ते भराभर येत राहिले, तर एस. टी. च्या दाराशी व्हावी तशी गर्दी होते. आत न शिरलेले आयन दाराशीच लिथियम धातू होऊन बसतात. ही धातूची टोके वाढत गेली तर मधल्या पडद्याला भोक पाडू शकतात. म्हणून थंड बॅटरी झपाट्याने चार्ज करणे तिला मानवत नाही, आणि चांगला फोन थंडीतही आपला वेग स्वतः कमी करतो. रात्री उघड्यावर राहिलेला फोन सकाळी घरात आणावा, थोडा वेळ ऊब घेऊ द्यावा आणि मग चार्जिंगला लावावा.

काय करावे?

शेतावर मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या काचेमागे किंवा हँडलवर उन्हात फोन चार्ज करू नये. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री, गारव्याच्या जागी करावे. जाड कव्हर काढून ठेवावे. उशीखाली किंवा गोधडीत फोन चार्ज करू नये, कारण उष्णतेला वाट मिळत नाही. चार्जिंग चालू असताना खेळ खेळू नयेत. तेव्हा दोन्हींची उष्णता एकत्र होते. तापलेला फोन फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. आत दव साचून नवेच संकट उभे राहील. पंख्याखाली ठेवला तरी पुरे. फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल, तर उन्हाळ्यात ती अवश्य वापरावी.

चार्जर आणि बॅटरी घेताना भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. अशा वस्तूंची नोंदणी आपल्या देशात सक्तीची आहे. लिथियम बॅटरीसाठी आय.एस. १६०४६ हे मानक आहे. फोनची पाठ फुगलेली दिसली, तर तो लगेच वापरातून काढावा. ती दाबू नये, टोचू नये, चार्जही करू नये. जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्यावी.

करून पाहा

शाळेत हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करता येईल. वीस टक्के चार्ज असलेला एक फोन घ्या. त्याचे कव्हर काढा. प्रयोगशाळेतील तापमापीचा फुगा फोनच्या पाठीला टेकवून वर कापसाचा छोटा बोळा ठेवा. चार्जर लावून दर पाच मिनिटांनी टक्केवारी, फोनचे तापमान आणि खोलीचे तापमान लिहून घ्या. आलेखकागदावर वेळेसमोर टक्केवारी मांडा. रेषा आधी चढी आणि मग वाकलेली दिसेल. हाच प्रयोग एकदा सकाळी सात वाजता आणि एकदा दुपारी दोन वाजता, दोन्ही वेळा सावलीत, त्याच फोनवर आणि त्याच चार्जरने करा. मग कव्हर घालून पुन्हा करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे विसरू नका. उन्हात मात्र हा प्रयोग करू नये.

जळगाव, धुळे, भुसावळ, चोपडा, साक्री अशा निरनिराळ्या गावांतील शाळांनी आपापले आलेख एकमेकांना दाखवले, तर कोणत्या घरात, कोणत्या छपराखाली आणि कोणत्या वेळी फोन सर्वांत कमी तापतो, हे खान्देशपुरते तरी तुम्हाला तुमच्याच मोजमापांवरून सांगता येईल. घरी वाद सुरू झालाच, तर तो आलेख समोर ठेवा.